मक्त्यातलं नाव

'नक्कल' हा शब्द मराठीत मोठा सभ्य आहे. तहसील कचेरीत तो चक्क सरकारी होतो. सातबाऱ्याची नक्कल मिळते, खाली शिक्का असतो, आणि तिला 'खरी नक्कल' म्हणतात. लग्नघरात कुणी मामूंच्या चालण्याची नक्कल केली तर खुद्द मामूही हसतात. आमच्या उर्दू शाळेत मात्र 'नक़ल' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती परीक्षा, दारात उभे असलेले पर्यवेक्षक आणि बाहीत दडवलेली चिठ्ठी. शब्द एकच. अरबीतून निघाला, फारसीच्या वाटेनं आला आणि दोन घरी वेगवेगळा नांदला.

पण याच शब्दाचा तिसरा एक अर्थ आपल्या घरांत रोज कानावर पडतो. जुम्याच्या बयानात मौलाना म्हणतात, अमुक इमामांनी ही हदीस नक़ल केली आहे. तिथं नक़ल म्हणजे चोरी नव्हे, अमानत पोचवणं. मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, असं करत ती साखळी थेट मूळ बोलणाऱ्यापर्यंत न्यायची. साखळीतल्या माणसांची चौकशी करण्यासाठी 'अस्मा-उर-रिजाल' नावाचा अख्खा इल्म उभा राहिला. कोण कधी जन्मला, कुणाला भेटला, त्याची याददाश्त कशी होती, हे सगळं त्यात तपासलं गेलं. अब्दुल्लाह इब्न मुबारक यांनी तर इस्नादला दीनचाच भाग मानलं होतं. म्हणजे परीक्षेतल्या कॉपीसाठी आणि हदीसच्या रिवायतीसाठी आपण एकच शब्द वापरतो. दोन्हींत दुसऱ्याचंच आपल्या तोंडून बाहेर पडतं. फरक इतकाच की एका नक़लेत मूळ माणसाचं नाव असतं, दुसरीत ते गाळलेलं असतं.

हे सगळं मला सुचायला एक कारण घडलं.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी येत नाही असं नाही. बाजारात, रिक्षात, दवाखान्यात ती फाडफाड बोलतात. पण पुस्तक उघडलं की जीभ जड होते, जणू ही भाषा दुसऱ्या कुणाची आहे. म्हणून मी अठ्ठेचाळीस कार्डं तयार केली. प्रत्येक कार्डावर दोन्ही भाषांत असलेला एक शब्द, एका बाजूला उर्दू लिपीत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत. कुर्सी आणि खुर्ची, काग़ज़ आणि कागद, सियाही आणि शाई, दवात आणि दौत. खरी मजा अर्थ बदललेल्या शब्दांत होती. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, मराठीत तीच हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार, आणि मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो! उर्दूतल्या 'ग़रज़'ला स्वार्थाचा वास येतो, मराठीतली गरज बिचारी साधी आहे. शब्द निवडताना मी माधव जूलियन यांच्या फारशी-मराठी कोशाचा आधार घेतला. १९२५ साली निघालेल्या त्या कोशाची प्रत वाचनालयात बसून पानापानांनी चाळली. चित्रं सातवीतल्या मुलांनी काढली. प्रत्येक कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसरीत चित्र काढणाऱ्या मुलाचं आणि तिसरीत कोशाचं.

कार्डं वर्गात चालली. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी मागितली, मी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवली. पुढं ती कुठं कुठं गेली याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा आनंदच होता. मग एका शिक्षक प्रशिक्षणात पडद्यावर तीच कार्डं आली. सादर करणारे सर आमच्याच बिरादरीतले, वयानं मोठे, बोलायला मिठ्ठास. शब्द तेच, क्रम तोच, दौतीचं चित्रही तेच. आमच्या मुलानं दौतीच्या तोंडाशी एक माशी काढली होती, तीसुद्धा जागच्या जागी बसलेली. मागच्या तीन ओळी मात्र गेल्या होत्या. त्या जागी प्रत्येक पानाच्या तळाशी एकच नाव ठळक अक्षरात होतं. दालनात टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या आपा माझ्या कानाशी पुटपुटल्या, "जान दे बेटा. इल्म बांटने से बढ़ता है."

आपांचं म्हणणं खोटं नव्हे. विद्या दिल्यानं वाढते, हे मराठीही सांगते. पण दालनाबाहेर चहा घेताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी इल्म वाटलंच होतं. नाव वाटलं नव्हतं. कार्डं घेतल्याचं मला काही वाटलं नाही. ती कापली, हे लागलं.

तिथं माझ्यासारख्या आणखी तीन-चार जणी होत्या, ज्यांना कार्डं कुणाची ते ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, मीही बोलले नाही. याला आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, 'मुरव्वत'. समोरच्याचा लिहाज, त्याला खजील होऊ न देण्याची काळजी. मराठीनं हा शब्द घेतला तो मुख्यतः उलटा करून. मुर्वत एकटी फारशी कुणी बोलत नाही, 'बेमुर्वत' आणि 'बेमुर्वतखोर' मात्र सगळ्यांना माहीत. (कार्ड क्रमांक एकेचाळीस.) मला वाटतं, आपल्या समाजात बौद्धिक मालमत्तेचा प्रश्न कायद्याआधी या मुरव्वतीशी येऊन अडतो. ज्याचं गेलं त्यानं मागायचं म्हणजे तो हलका ठरतो, नावाचा भुकेला ठरतो. ज्यानं घेतलं त्याला कुणी काही विचारत नाही, कारण विचारणं हेच असभ्य. खजील होण्याचं सगळं ओझं एकाच पारड्यात पडतं. त्यातून मागणारी बाई असेल तर बोलायलाच नको.

बी.एड.ला मानसशास्त्र शिकले, त्यातलं थोडं इथं कामी आलं. न्याय सरांच्या बाजूनंही करायला हवा ना! मायकल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, घरातली अमुक कामं किती तुम्ही करता? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. (आमच्या घरी हा प्रयोग करण्याची हिंमत मी अजून केलेली नाही.) लबाडी म्हणून नव्हे, आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं म्हणून असं होतं. पुढं १९८९ साली ॲलन ब्राउन आणि डाना मर्फी यांनी माणसांना गटात बसवून आळीपाळीनं एकेका प्रकारच्या वस्तूंची नावं सांगायला लावली. नंतर 'फक्त तुम्ही सांगितलेली नावं आठवा' म्हटल्यावर काहींनी दुसऱ्यांची नावं आपली म्हणून सांगितली, आणि तीही मनापासून. गोष्ट लक्षात राहते, ती कुणाची होती हे विसरतं. आठवणीलाही इस्नाद जपायचा कंटाळा असतो म्हणा ना.

उर्दूच्या जुन्या समीक्षकांनी ही मानवी तऱ्हा फार आधी ओळखली होती. त्यांनी यासाठी शब्दच वेगळे ठेवले. दुसऱ्याचा शेर उचलला तर तो 'सरक़ा'. दोन शायरांना एकमेकांची खबर नसताना एकच मज़मून सुचला तर तो 'तवारुद', आणि त्यात कुणाचा गुन्हा नाही. दुसऱ्याची ओळ उघडपणे घेऊन तिच्याभोवती आपलं काही रचलं तर ती 'तज़मीन', म्हणजे उलट इज़्ज़त देणं. कुणावर सरक़्याचा आळ घेण्याआधी तवारुदची वाट खुली ठेवायची, ही त्यातली तहज़ीब. ती मला फार आवडते. माणसाला मागं फिरायला दार उघडं राहतं. पण माशीचं काय करायचं? दौतीवरची माशी काही तवारुदनं बसत नाही.

शायरीनं आणखी एक तजवीज केली, ती म्हणजे तखल्लुस. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं नाव ओवतो. ते वजनात बसवलेलं असतं, उपसून काढलं तर मिसराच लंगडा होतो. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा गझल तोंडातोंडी गावोगाव जायची आणि मालकाचं नाव पोटात घेऊन जायची. तरीही घोटाळे झालेच. 'सरफ़रोशी की तमन्ना' ही गझल हुतात्मा रामप्रसाद बिस्मिल यांच्या नावानं सगळा देश ओळखतो. ती लिहिली पाटण्याच्या बिस्मिल अज़ीमाबादी यांनी, १९२१ साली. दोघांचा तखल्लुस एकच, आणि एकजण ती ओठांवर घेऊन फाशी गेलेला. इथं कुणी चोरी केली नाही. लोकांच्या प्रेमानंच नाव हलवलं. बहादूरशाह ज़फर यांच्या नावावर रेडिओपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत मिरवलेली एक गझल मुज़्तर खैराबादी यांची असल्याचं त्यांचे नातू जावेद अख्तर सांगत आले. आजोबांचं विखुरलेलं कलाम गोळा करून त्यांनी ते छापवूनही घेतलं. मुज़्तर वारले १९२७ साली. नाव घरी परतायला नातवाची हयात लागली, आणि तोही नातू जावेद अख्तर होता म्हणून.

ओढ नेहमी मोठ्या नावाकडेच असते. हल्ली फोनवर येणारा कुठलाही बरा-वाईट शेर ग़ालिब, इक़बाल नाहीतर गुलज़ार यांचा असतो. याला रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९६८ साली 'मॅथ्यू परिणाम' असं नाव दिलं. ज्याचं नाव आधीच मोठं, श्रेय त्याच्याच खात्यात जमा होतं, असा त्याचा मतलब. गंमत पुढं आहे. तो निबंध ज्या मुलाखतींवर उभा होता त्या हॅरिएट झुकरमन या विदुषीनं घेतलेल्या होत्या. निबंधावर दोघांचं नाव हवं होतं, असं मर्टननी नंतर स्वतःच लिहिलं. निदान लिहिलं!

कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दाम वाचलं. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती, टागोरांच्या लेखनाची मुदत संपायच्या वेळी, १९९२ साली ती वाढवली. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, लिहिलं की हक्क जन्मतो. पण तो कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे उर्दू-मराठीचे समान शब्द कार्डावर लिहायची कल्पना कुणीही घ्यावी. शब्द तर कुणाच्याच बापाचे नाहीत. माझी मांडणी आणि ती माशी, एवढंच काय ते आमचं. त्यातही नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, असं कलम सतरा सांगतं. तेव्हा कार्डं माझी की संस्थेची, यावर वकील भांडू शकतील. मुलाच्या चित्राबाबत तोही वाद नाही. तो काही कुणाच्या नोकरीत नव्हता.

मला खरं कलम सापडलं ते सत्तावन्न. हक्क विकला, देऊन टाकला, तरी 'हे मी केलं आहे' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. १९८६ साली मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी'वरून निघालेल्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं या कलमाला मोठं वजन दिलं. वाचताना मला वाटलं, हा तर कायद्यानं लिहिलेला मक्ता आहे.

मी पुस्तकांच्या झेरॉक्सच्या विरोधात आहे, असं मात्र कुणी समजू नये. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला. २०१६ साली न्यायालयानं दुकानाच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा मला आनंदच झाला. ज्या घरात आई विड्या वळून फी भरते त्या घरात दोन हजारांचं पुस्तक कुठून येणार? पण त्या झेरॉक्सवर लेखकाचं नाव जसंच्या तसं असतं. गरिबाची झेरॉक्स आणि ठळक अक्षरातलं ते एक नाव, या दोन गोष्टी एका तागडीत घालायला माझं मन घेत नाही.

दीनच्या बाजूनंही मला ऐकवलं गेलं, की इल्मावर हक़ सांगणं आपल्यात बसत नाही. पूर्वी बऱ्याच उलेमांचं मत त्या बाजूचं होतं, हे खरं. पण १९८८ साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फ़िक़्ह अकादमीनं लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक़ शरीअतनुसार जपण्यासारखे आहेत, असा ठराव केला. ऐकवणाऱ्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार वाचता.

आमच्या सोलापुराला तर हे कळायला अकादमीची गरज पडू नये. पानिपतच्या स्वस्त चादरी 'सोलापुरी' म्हणून बाजारात खपतात, ही इथल्या कारखानदारांची आणि कामगारांची जुनी तक्रार. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी ते एक. चादरीसारखी चादर कुणीही विणावी, तिला सोलापुरी म्हणू नये. हे आमच्या गल्लीतल्या चहाच्या गाड्यावरही सगळ्यांना पटतं. काही चादरींच्या काठात तर कारखान्याचं नावच विणलेलं असतं, कात्री लावली तर सूत उसवेल असं. हीच माणसं शिक्षकाच्या कागदाबद्दल मात्र म्हणतात, जाऊ दे, त्यात काय एवढं.

मीही जाऊ दिलं असतं. पण त्या प्रशिक्षणाची फाईल शाळेत आली आणि दौत काढणाऱ्या मुलानं ती पाहिली. आपली माशी ओळखून तो आधी खूश झाला. मग पान उलटून मागं बघितलं, खाली बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, मेरा नाम कां गया?"

त्याला मी 'जान दे बेटा' म्हणू शकले नाही.

त्या रात्री सरांना निरोप लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी असा गेला : अस्सलामु अलैकुम सर, कार्डं आपल्याला आवडली, इतक्या शिक्षकांपर्यंत पोचली, खूप समाधान वाटलं. पाठवताना कुठंतरी मागच्या ओळी गळाल्या असाव्यात. मुलांची नावं आणि कोशाचा उल्लेख सोबत पाठवते, पुढच्या वेळी जोडून घ्यावा ही विनंती. तवारुदचं दार मी उघडं ठेवलं होतं. माझं नाव यादीत सगळ्यात शेवटी टाकलं होतं, पण टाकलं होतं.

दोन दिवस निळ्या खुणा तशाच. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मॅडम, आपण सारे एकच कुटुंब आहोत." पुढच्या प्रशिक्षणात कार्डं आली तेव्हा मुलांची नावं होती, कोशही होता. माझं नाव नव्हतं. सरांचं होतं, अक्षर जरा लहान झालं होतं. आता ते समारंभात भेटले की सलाम करतात आणि लगेच दुसऱ्याशी बोलायला वळतात. आपा म्हणाल्या, उगाच दुश्मनी घेतलीस. मी त्यांना विचारलं, दुश्मनी मी घेतली का? त्यावर त्या चहा ओतत राहिल्या. दौतवाल्या मुलाला पान दाखवलं. त्यानं स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मग म्हणाला, "और तुमारा?" मी त्याला खरं ते सांगितलं. लहान मुलांना हे समजतं. क्रिस्टिना ओल्सन आणि ॲलेक्स शॉ यांचा २०११ सालचा अभ्यास सांगतो की पाच-सहा वर्षांची मुलंसुद्धा दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणाऱ्याला नापसंत करतात. मग मोठेपणी हे जातं कुठं, तर बहुधा आपणच ते 'जान दे' म्हणत म्हणत काढून टाकतो.

सहावीच्या वर्गात सध्या कोड्यांचं पेव फुटलं आहे. सुरुवात एका मुलीनं केली, तिचे अब्बा यंत्रमागावर आहेत. तिनं रचलेलं कोडं असं : पोटात सूत, पण शिवत नाही, दिवसभर पळतो, पण गल्ली सोडत नाही. उत्तर, धोटा. दुसऱ्या दिवशी परिपाठात दुसऱ्याच मुलीनं ते स्वतःचं म्हणून सांगितलं. पहिलीचे डोळे भरले, तोंडातून शब्द नाही. अकराव्या वर्षी तीही मुरव्वत शिकली होती. मी दोघींनाही रागावले नाही. एवढंच ठरवलं की कोडं सांगण्याआधी ते कुणाकडून आलं ते सांगायचं, हदीसचे रावी सांगतात तसं. स्वतःचं असेल तर 'माझंच' म्हणायचं, लाजायचं नाही. कोडं उचलणाऱ्या मुलीकडे आता फळ्याच्या कोपऱ्यात ही साखळी लिहायचं काम आहे, आणि ती ते मोठ्या कडकपणे करते.

परवा एका मुलानं कोडं आणलं. म्हणाला, हे मी आपाकडून ऐकलं, तिनं नानीकडून, नानीनं विडी कारखान्यात शेजारी बसणाऱ्या एका तेलुगू मावशीकडून, आणि त्या मावशीनं अक्कलकोटच्या एसटीत भेटलेल्या एका बाईकडून. फळ्यावर लिहिणारीनं खडू थांबवला. एसटीतल्या बाईचं नाव काय, ते विचारून ये म्हणाली, त्याशिवाय लिहिणार नाही. मुलगा म्हणाला, आता ती कुठं सापडायची? वर्गात यावर अजून वाद चालू आहे. कोडं काय होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.